हिंग घातलेल्या क्रॅनबेरी

ठक्क. चिनी मातीच्या बशीच्या काठावर तू चमचा ठेवलास त्याचा तो आवाज. आई, त्याला सदतीस वर्षं झाली, तुला जाऊन छत्तीस झाली, आणि एवढ्या काळात माझा उजवा कान गेला, डाव्याला यंत्र लागलं, पण तो आवाज काही जात नाही. माणसाला आईचं काय काय ऐकू येत राहतं! कुणाला ओवी, कुणाला हाक. मला चमचा.

आज तुझ्यावर रागावून लिहायला बसलोय, हे आधीच सांगून ठेवतो. नाताळ परवावर आलाय. म्युनिकच्या याच स्वयंपाकघरात, त्याच खिडकीशी उभा राहून दुपारपासून मी क्रॅनबेरी निवडतोय. मऊ पडलेल्या बाजूला काढायच्या, टणक तेवढ्या ठेवायच्या. टणक असली तर टेबलावर टाकल्यावर उडी मारते, असं तुझ्या सुनेनं फोनवर शिकवलं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता रेहात आहे, म्हणजे पुन्हा चालायला शिकवतात त्या दवाखान्यात, आणि उद्या सकाळी मुलगा तिला घरी आणणार आहे. त्यामुळे यंदा हे काम माझ्याकडे. दोन पदार्थ. एक गोड, संत्र्याची साल आणि दालचिनी घातलेला, बदकाच्या मांसाबरोबर खायला. दुसरा तुझा. लाल मिरची, मोहरी आणि हिंग घालून शिजवलेल्या क्रॅनबेरी. हिंग आणि क्रॅनबेरी! जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्या घरात हे शिजत नसेल. गेली सदतीस वर्षं प्रत्येक नाताळला मी ते खातो आहे, मान डोलावून, वर पुन्हा मागून घेऊन. आणि याला जबाबदार तू आहेस.

शाळेत आम्हाला एक प्रश्न असायचा, संदर्भासह स्पष्टीकरण करा. कवितेच्या दोन ओळी द्यायचे, आणि त्या कुणी, कुणाला, केव्हा म्हटल्या ते लिहायचं. मला पैकीच्या पैकी मिळायचे. अजूनही आंघोळ करताना पाचवीपासूनच्या सगळ्या कविता मी चालीवर म्हणतो, एक कडवं चुकत नाही. तर तुझ्या त्या दिवशीच्या ओळींचं आज स्पष्टीकरण करतो.

तू आयुष्यात एकदाच इकडे आलीस. तुला काय आवडतं, असं हिनं मला विचारलं, आणि मी वेड्यासारखा करवंदांबद्दल बोलत बसलो. जुन्नरच्या पलीकडचं तुझं माहेर, मे महिन्यात काळ्या होणाऱ्या जाळ्या, पानाच्या द्रोणातली करवंदं, हाताला लागणारा तो पांढरा चीक. मी बोलत होतो आणि ती लिहून घेत होती. मग तीन आठवडे ती करवंदासारखं फळ शोधत होती. इथली जंगलातली लाल बेरी तिला पुरेशी आंबट वाटेना. शेवटी तिची एक मैत्रीण अमेरिकन सैनिकांच्या दुकानात कामाला होती, तिनं दोन पिशव्या ताज्या क्रॅनबेरी आणून दिल्या. तेव्हा त्या इथे सहज मिळत नसत. हिंग माझ्या डब्यातला. आपल्या घरचा वास यावा म्हणून तिनं तो चांगला चमचाभर घातला. चिमूटभर असतो, हे मी सांगायला विसरलो होतो. तेवढी चूक माझी, कबूल.

नाताळची आदली संध्याकाळ. टेबलावर तिचे आईवडील, आमचा चार वर्षांचा मुलगा, ती, मी आणि तू, पाठीवर शाल, पायात लोकरीचे मोजे. तिच्या लग्नातल्या निळ्या काठाच्या बश्या. तुझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात बटाट्याचे गोळे आणि त्यावर त्या क्रॅनबेरी. सगळे तुझ्याकडे बघताहेत. तू घास घेतलास. चमचा ठेवलास. ठक्क. आणि म्हणालीस, "शी! काय हे आंबटढोण! ह्यापेक्षा चिंच चोखलेली बरी. स्वयंपाक येत नाही ते एक वेळ चालेल, पण करवंदांची टवाळी कशाला करायची?" एवढ्यावर थांबली असतीस तरी चाललं असतं. पण तू खाली वाकून पिशवीतून तुझी लोणच्याची बाटली काढलीस, आणि माझ्याकडे दहीभात मागितलास.

"काय म्हणाल्या?" हिनं विचारलं. तिचा चेहरा तू पाहिलाच नाहीस. तू बाटलीचं झाकण उघडत होतीस.

मी म्हणालो, "आई म्हणते, हा घास खाल्ला आणि कुणीतरी हात धरून तिला माहेरच्या डोंगरात परत नेल्यासारखं झालं. आता त्यावर दुसरं काही खाववत नाही, म्हणून साधा भात मागते आहे."

ती उठली. टेबलाला वळसा घालून आली आणि तुझ्या गालाला गाल लावून रडली. तू लाकडासारखी बसलीस.

"हिला काय झालं रे? काय सांगितलंस तिला?"

"तुला आवडलं म्हणून सांगितलं."

"खोटारडा. शाळेतही असलाच होतास. न पाहिलेल्या समुद्रावर दोन पानं निबंध."

मला बक्षीस मिळालं होतं त्या निबंधाला. तेव्हाही तू शेजारच्या काकूंना हेच सांगितलं होतंस, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं.

आता मला सांग, काय बिघडलं असतं? आणखी एक घास. कडू औषध समजून गिळला असतास. उपासाला तू कारल्याच्या रसाचा पेला डोळे न मिटता रिकामा करायचीस, मी पाहिलंय. निघताना तिनं तुझ्यासाठी बरणी भरून दिली, ती तू पलंगाखाली ठेवून गेलीस. मला सापडली. मी ती कारखान्यात नेली आणि पाच दिवस कँटीनमध्ये पावाला लावून एकट्यानं संपवली. मोटारींचे गिअर बसवणारे लोक माझ्याकडे बघत होते, "अरे, हा वास कसला?" रिकामी बरणी घरी आणून म्हणालो, आईनं विमानतळावरच सगळ्यांना वाटून टाकली. तुझी पत्रं यायची, त्यात तुझ्या सुनेचा उल्लेख नसायचा. मी वाचून दाखवताना शेवटी एक आशीर्वाद जोडायचो. तुझं एकच वाक्य मी तिला जसंच्या तसं सांगितलं होतं, "नवऱ्याला नावानं हाक मारते, शोभतं का?" त्या दिवसापासून ती मला अहो म्हणते. जर्मन उच्चारात, चारचौघांत, ट्रामच्या थांब्यावरसुद्धा. तुझं एवढं ऐकलं तिनं.

आणि ते डोंगराचं वाक्य तिनं जपलं, आई. कार्डावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय, अजून आहे, कोपरे पिवळे पडलेत. तिची आई एकदा तिला म्हणाली होती, "ती माणसं तुला कधी आपली म्हणणार नाहीत." तेव्हा हिनं कपाट उघडून कार्ड दाखवलं. "हे वाच. माझी सासू असं म्हणाली." मी तिथेच उभा होतो, हातात चहाची किटली घेऊन. तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कालसुद्धा रेहातून फोनवर तिनं बजावलं, "हिंग विसरू नका. हिंगामुळेच तर त्यांना घर आठवलं."

आता खरं कारण सांगतो, आज का लिहितोय. माझी नात बर्लिनला शिकते. लहानपणी तिला मराठी समजायचं, उत्तर मात्र जर्मनमधून. दोन वर्षांपूर्वी तिनंच विचारलं, "आजोबा, शिकवाल का?" तेव्हापासून दर रविवारी फोनवर मी तिला पाठ्यपुस्तकातल्या कविता शिकवतो. आंबट हा शब्द मीच शिकवला तिला, गेल्या महिन्यात, चिंचेच्या झाडावरच्या एका कवितेत. काल तिचा फोन आला. आजीला ती जर्मनमधून ओमा म्हणते.

"आजोबा, सरप्राइज आहे. ओमाला सांगू नका. माळ्यावर एक कॅसेट सापडली, मी ती कॉम्प्युटरवर घेतली. त्या नाताळची! ओमाचे बाबा गाणी म्हणताहेत आणि मग जेवण. पणजीचा आवाज आहे!"

 म्हाताऱ्या सासऱ्यांनी गाणी टेप करायला यंत्र लावलं होतं खरं, पण ते बंद करायचं राहिलं हे कुणाला माहीत?

"ऐकलीस?"

"गाणी ऐकली. पुढचं सगळ्यांनी एकदम ऐकायचं, परवा संध्याकाळी, टेबलावर. पणजी बोलेल ते तुम्ही ओमाला जर्मनमध्ये सांगा." आणि हसून म्हणाली, "मी चेक करते, गेनाऊ? अगदी शब्दाला शब्द."

बघ म्हणजे. सदतीस वर्षांनी त्याच टेबलावर, त्याच बश्यांसमोर तू पुन्हा तेच बोलणार, पुन्हा सगळे माझ्याकडे बघणार, आणि या वेळी माझं भाषांतर तपासायला मीच तयार केलेली विद्यार्थिनी बसलेली असणार. तू मरूनही स्वतःचं म्हणणं मागे घेत नाहीस. कॅसेट हरवली म्हणून सांगू? कान दुखतो म्हणून उठून जाऊ? चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला, नवा गुडघा घालून घरी आलेल्या, सणाच्या दिवशी पोरीबाळींसमोर कळायचं का, की ती आयुष्यभर जे घट्ट धरून बसली ते तिच्या नवऱ्यानं रचलं? नाही. आधी मीच सांगायला हवं. उद्या सकाळी, मुलगा गाडी लावायला गेला की, तिला खुर्चीत बसवून. मनात वाक्य जुळवतोय, दोनदा खोडलं. आज एक दुपार आणि एक रात्र हातात आहे.

पातेल्यात फळं फुटायला लागली आहेत, टप्‌ टप्‌. गुलाबी फेस वर येतोय. तुला रंग तरी आवडला असता.

खालच्या दाराची बेल वाजली. कुरिअरवाला असेल म्हणून भिंतीवरचा फोन उचलला, तर यंत्रातून खरखरीत आवाज. "अहो! दार उघडा. उद्याची वाट कोण बघणार? मी टॅक्सी करून आले. हिंग घातला का?"

बटण दाबलंय. लिफ्ट वर येतेय, ती जुनी आहे, चौथ्या मजल्यापर्यंत हळूहळू येते. तेवढ्यात हे संपवतो. पत्र कुठे टाकणार? चहाच्या डब्यामागे राहील.

आई, एक सांगायचं राहिलं. ते डोंगराचं वाक्य मी हिच्यासाठी रचलं असं मी आजवर समजत आलो. पण तुझ्या तोंडून ते ऐकायची इच्छा माझी होती. आणि हिंग अजून घातलेला नाही. डबी उघडून मघापासून नुसता बसलोय, त्याशिवाय कसं लागतं ते एकदा बघावं म्हणून.

लिफ्ट थांबली. कुबड्या वाजताहेत.