ठकीचं माप

१२ जानेवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझं निम्मं बोलणं माझ्या कानापर्यंत पोचत नाही आणि उरलेलं मी विसरतो, म्हणून लिहितो आहे. तुझ्या आईची लाडकी सशीण ठकी व्याली. पाच पिल्लं आहेत, अजून डोळे उघडलेले नाहीत. आई गेल्यावर ठकी कोपऱ्यात तोंड घालून बसायची, म्हणून शेजारच्या मास्तरीणबाईंनी आपली सशीण दोन दिवस सोबतीला आणून दिली होती. ती सशीण नव्हती, ससा होता, हे आता सगळ्या गल्लीला कळलं. मास्तरीणबाई माझ्याकडे मान वर करून बघत नाहीत.

काळजी एवढीच की ठकी नीट खात नाही. गाजरं देतो, दुधात भिजवलेला पाव देतो, बिस्किटं देतो. दोन घास खाते आणि बाजूला होते. बारीक होत असेल म्हणून रोज टेप लावतो. जन्मभर लोकांच्या कमरा मोजल्या, माझा हात चुकायचा नाही. कंबर सुतभरही कमी झालेली नाही, उलट थोडी वाढलीच आहे. तरी डोळ्यांना ती बरी दिसत नाही. शेवटच्या दिवसांत तुझी आई एकच सांगायची, की ठकीला उपाशी ठेवू नका. तिच्यामागे एवढी एक गोष्ट तरी माझ्या हातून धड व्हावी. तू जनावरांच्या दवाखान्यात आहेस, काय करायचं ते तूच सांग.

माझी प्रकृती ठणठणीत. गिऱ्हाईक कमी आहे, म्हणून स्वतःच्याच कपड्यांची डागडुजी करत बसतो. लोभ आहे तो सैल पडू देऊ नये.

तुझे बाबा


१७ जानेवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्रातला मास्तरीणबाईंचा भाग आमच्या डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवला. त्या इतक्या हसल्या की टेबलावरचं मांजर पळालं. पुढचं ऐकून मात्र हसू आवरून त्यांनी मला कागद-पेन घ्यायला सांगितलं.

बाबा, आधी तो टेप खुंटीला टांगा. सशाचं अंग केसांनी झाकलेलं, आणि पाव-बिस्किटांनी ठकीच्या पोटात वायू धरला असणार. टेप बिचारा ते सगळं कंबर म्हणून मोजतोय. तिला मांडीवर घ्या आणि पाठीच्या मधोमध बोटं फिरवा. मणके गोलसर लागले तर ठीक. टोचले तर तिचं अंग दुधावाटे पिल्लांकडे चाललंय असं समजा.

पाव, बिस्किट, दूध आजपासून बंद. गाजर नावापुरतं. वाळलेलं गवत तिच्यापुढून कधी संपू देऊ नका आणि त्यात वाळवलेला लसूणघास, दूधवाले म्हशींना घालतात तो चारा, रोज थोडा थोडा वाढवत न्या. एकदम ढीग घालाल तर पोट बिघडेल; तुमचा स्वभाव मला माहीत आहे. सशांचं गोळीखाद्यही तसंच हळूहळू वाढवा. पिल्लं वाढतील तशी तिची भूक वाढेल. पाणी जड भांड्यात भरून ठेवा, पाण्यावाचून दूध कुठून येणार? ती पिल्लांपासून लांब बसते म्हणून तिला रागावत असाल तर रागावू नका. सशीण दिवसातून एखाद-दोनदाच पाजते. आणि तिने खाणं अगदीच सोडलं किंवा लेंड्या टाकायची थांबली, तर मला पत्र लिहीत बसू नका, त्याच घडीला तिथल्या डॉक्टरांकडे न्या.

तुम्ही काय जेवता ते पत्रात कुठेच नाही. ठकीचा एक फोटो पाठवा. आमच्यावरचा लोभ तिच्या गवतासारखा, कधी न संपणारा असू द्या.

तुमची धाकटी


२ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशीच बोटं फिरवली. शर्टाच्या बटणांसारखा एकेक मणका हाताला लागला. टेप तेव्हाच खुंटीला टांगला. रोज तिला हातात घेऊन माप घेत होतो आणि ती माझ्या हातातच झिजत होती. सगळ्यात लहान पिल्लू त्याआधीच गेलं होतं. तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून गेलो. मागच्या मोठ्या कुंडीत पुरलं.

लसूणघास दूधवाल्याने आणून दिला. तू सांगितलंस तसाच मूठ मूठ वाढवला. पहिले दोन दिवस तिने नुसता हुंगला, तिसऱ्या दिवशी खायला लागली. आता गवत खाताना करकर आवाज येतो. मी मशीन थांबवून ऐकत बसतो. चारही पिल्लं गुबगुबीत आहेत.

सोबत फोटो आहे. मास्तरीणबाईंनी मान खाली घालूनच काढला, तरी बरा आलाय. मी वेळ झाली की खातो काहीतरी, काळजी करू नकोस. शर्ट बघ, अंगाला कसा बसलाय! लोभाची शिवण अशीच पक्की राहो.

तुझे बाबा


८ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

फोटोत ठकी छान दिसते. डॉक्टरीणबाईंनीही शाबासकी दिली. मी मात्र फोटो घेऊन बराच वेळ कपाटामागे उभी होते.

निळ्या रेघांचं ते कापड आईने निवडलं होतं. त्या शर्टाचा खिसा छातीवर होता. फोटोत तो बगलेला टेकलाय. बाबा, मी शिंप्याची मुलगी आहे. बाजू आत घेतल्याशिवाय खिसा असा कडेला जात नाही, आणि एवढा कडेला जायला शर्ट कितीदा तरी आत घ्यावा लागतो. तुम्ही झिजत गेलात आणि कुणाला दिसू नये म्हणून शर्ट आवळत गेलात. बाप तिकडे असा, आणि मी इथे बसून सशाचे मणके शिकवतेय! मला फार रडू आलं. रागही आला, तो अजून गेलेला नाही.

ठकीला उपाशी ठेवू नका असं आईने सांगितलं. तुमचं सांगायला तिला उसंत मिळाली नसेल, म्हणून मी सांगते. महिनाअखेरीस रजा मिळाली आहे, मी येते. तोवर जेवलात की नाही ते खरं लिहा. माझ्यावर लोभ असेल तर तो ताटात दिसू द्या.

तुमची धाकटी


१५ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पकडलंस मला. ढगळ शर्ट घालून शिंपी दारात बसला तर गिऱ्हाईक काय म्हणेल, असं मी स्वतःला समजावत होतो. एकदा आत घेतला, मग पुन्हा घेतला.

तुला आठवत असेल, दुपारी तुझी आई काही न बोलता यायची आणि मशीनचा पट्टा चाकावरून उतरवून जायची. मशीन थांबलं की जेवायला उठणं आलंच. मला भूक लागली की नाही हे जन्मात मला कधी कळलं नाही गं, ते तिलाच कळायचं. ती गेल्यापासून पट्टा चढलेलाच आहे. उतरवायला कुणी येत नाही आणि मी उठत नाही. अंधार पडला की चहात बुडवून पाव खातो, झालं जेवण.

ठकीचे मणके आता शोधावे लागतात. पिल्लं आईच्या गवतात तोंड घालायला लागली आहेत. काल मास्तरीणबाईंनी डबा आणून दिला, बहुधा त्यांच्या सशाची भरपाई म्हणून. सगळा संपवला.

आणि आज दुपारी पट्टा मीच उतरवला. ठकीजवळ जमिनीवर ताट घेऊन बसलो. ती तिचं खात होती, मी माझं.

निळा शर्ट एका बाजूने उसवला आहे. जुन्या टाक्यांची भोकं दिसतात, धुतल्यावर बुजतील. दुसरी बाजू तू आलीस की उसवू. तेवढं अंग तोवर भरून आणतो.

तुझे बाबा