मिस रेबेलोंचा पियानो आणि आमची म्हैस

नळदुर्ग, बुधवार

प्रिय महादेवीस यास्मिनचा सलाम आणि गळामिठी.

आठवीत शनिवारी दुपारी पियानोच्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसून आपण भाकरी आणि शेंगाची चटणी खायचो, ते आठवतं का? मिस रेबेलो दारात आपले हात हुंगायच्या आणि मगच आत सोडायच्या. एकदा पियानोच्या पांढऱ्या पट्टीवर चटणीचा लाल ठसा सापडला आणि शिक्षा म्हणून तू महिनाभर पियानो पुसलास. हे आत्ता का काढलं, ते शेवटी येईल.

तुझा गुडघा कसा आहे? यजमानांची साखर आटोक्यात आहे ना? इथं सगळं ठीक. अम्मी (माझ्या सासूबाई हमिदाबी, तू त्यांना फार घाबरायचीस) एकोणनव्वद वर्षांच्या झाल्या, पण कान अजून तिखट आहेत. एरवी ही आनंदाचीच गोष्ट म्हटली असती.

आमच्या ह्यांच्या, म्हणजे मुजीबच्या, दम्मामहून आलेल्या ट्रंकेत मिसची कॅसेट सापडली, असं मी तुला फोनवर सांगितलं आणि तू कौतुकानं तुझ्या दिरांना, जुनी ध्वनिमुद्रणं जमवणाऱ्या वैजनाथरावांना, इकडे पाठवलंस. मिस आपल्या शाळेत येण्याआधी हैदराबादला रेडिओवर वाजवायच्या, आणि त्यांचं वाजवणं आता कुणाकडेच उरलेलं नाही, हे मला वैजनाथरावांकडूनच कळलं. (आपण त्यांना फक्त नखं तपासणारी बाई समजत होतो.) मी मात्र तुला दोन गोष्टी सांगितल्या नाहीत. कॅसेटवर मिसच्या अक्षरात 'महादेवीसाठी' लिहिलेलं आहे. आणि ती दम्मामला कशी गेली, ते मला चांगलं ठाऊक होतं.

सोलापूर सोडून गोव्याला जाताना मिसनी ती माझ्या हातात दिली, तुझ्या लग्नात तुला द्यायला. मला त्यांनी काहीच दिलं नाही, म्हणून मी चार दिवस रुसले आणि तुझ्या लग्नात स्टीलचा डबा घेऊन आले. (डबा चांगला होता, हे तूही कबूल करशील.) कॅसेट नंतर देऊ, नंतर देऊ, असं चालू होतं. मुजीब तेव्हा सौदीत, दम्मामला नोकरीला होते. त्या काळी आपल्याकडची माणसं परदेशी पत्र लिहीत नसत, बोलून पाठवत. कुणी गावातलं निघालं की त्याच्याबरोबर घरातल्या सगळ्यांचे आवाज भरलेली कॅसेट. तसा एकजण सकाळच्या गाडीनं निघाला होता, आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. मिसच्या कॅसेटच्या पाठीवरच्या प्लॅस्टिकच्या चिपा मुद्दाम मोडलेल्या होत्या, म्हणजे तिच्यावर कुणी दुसरं काही भरू नये. मी त्या खाचांवर चिकटपट्टी लावली, म्हणजे पुन्हा भरता येतं.

काल वैजनाथरावांनी यंत्र लावलं. मी शेजारणींनाही बोलावलं होतं, भज्यांचा घाणा काढला होता. सात मिनिटं मिस वाजवत होत्या. महादेवी, असं वाजवायच्या त्या, आणि आपण घड्याळ बघत बसायचो. मग खट्ट आवाज आला आणि अम्मी बोलू लागल्या, की मुजीब, म्हैस व्याली, वगारू झालं, दूध मात्र कमीच देतेय. म्हशीचं पंधरा मिनिटं चाललं. आमच्या जुन्या टेपला आधीचं नीट पुसता येत नसे, त्यामुळं म्हशीच्या मागं मिस बारीक वाजतच होत्या. वैजनाथराव डोळे मिटून ऐकत होते. मी बटण दाबायला उठले, तर अम्मी म्हणाल्या, "राहू दे ग, माझा आवाज लई गोड होता."

आणि मग माझा आवाज. "अम्मी बाहेर गेल्या. आता खरं सांगते." त्यानंतर मी त्यांच्याबद्दल जे बोलले, ते इथं लिहीत नाही. वैजनाथरावांनी ऐकलंय, पूर्ण. शेजारणींनी भजी खाणं थांबवलं. अम्मी शांतपणे म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली. आता तरी जरा मीठ बेतानं टाक," आणि भजं पुढ्यातून सरकवलं. त्या रागावल्या असत्या, तर बरं झालं असतं.

वैजनाथरावांना तुला सांगू नका म्हणून विनवलं. ते म्हणाले, मी काही बोलणार नाही, कॅसेटच बोलेल. ते कॅसेट घेऊन शनिवारी तुझ्याकडे पोहोचतील, म्हणून हे पत्र आजच्या बसनं कंडक्टरच्या हाती देतेय. आधी माझ्याकडून कळावं, एवढंच.

तुझी अपराधी,
यास्मिन

ता. क. पट्टीवरचा तो लाल ठसा माझा होता.

आणखी एक. दुसरी बाजू शाबूत आहे. ती मी काल पहिल्यांदा ऐकली. शेवटी मिस त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणतात, "महादेवी, हे यास्मिनला पण ऐकव. तिचा हात जड आहे, कान चांगला आहे." हे ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले.

तेव्हा वाटणी अशी कर. कॅसेट तुझी. वैजनाथरावांना त्यांच्या संग्रहासाठी पियानोची दोन्ही बाजूंची नक्कल दे. अम्मींना म्हशीचा भाग हवाय, पण 'आता खरं सांगते'च्या आधी थांबव. मुजीबना काही नको, त्यांनी तेव्हाच ऐकलंय. आणि मला, तुझा राग उतरला तर, शेवटचं ते एक वाक्य.