ऑर्गन म्हणा, पायपेटी नव्हे

रविवार, ६ ऑक्टोबर

आजपासून रोजनिशी. ही वही कोणी वाचायची नाही. बायकोनं, माधुरीनं तर नाहीच नाही.

सकाळची उपासना ठीक झाली. म्हणजे ऑर्गन ठीक. मंडळी नेहमीप्रमाणे मागे. मी पहिल्या गीताच्या तिसऱ्या कडव्यात शिरलो तेव्हा लोक दुसऱ्याच्या शेवटच्या ओळीत रेंगाळत होते. मी थांबलो नाही. जन्मभर एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गाडीची वेळ झाली की गाडी सुटते, मागून पळत येणाऱ्यांनी आपलं बघावं.

निश्चय: उद्यापासून रोज सकाळी चर्चमध्ये जाऊन तासभर रियाज. शिवाय सेंट बार्नबसच्या ऑर्गनला जो कोणी पायपेटी म्हणेल त्याला जागच्या जागी दुरुस्त करायचं. भले आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळक साहेब असोत.

सोमवार, ७ ऑक्टोबर

रियाज नाही. गुडघा. दोन्ही पायांनी भाता मारून मारून ऑर्गनिस्टचा गुडघा जातो. डॉक्टर त्याला वय म्हणतात.

बुधवार, ९ ऑक्टोबर

मोठी बातमी! १७ नोव्हेंबरला कापणीच्या सणाला स्वतः बिशप साहेब येणार. पाळक साहेबांनी फोन करून सांगितलं. मी लगेच कार्यक्रम आखला: बिशप आत येताना एक, अर्पणाला एक आणि शेवटी लोक बाहेर पडताना एक दणदणीत. पाळक साहेब म्हणाले की शक्यतो साधंच ठेवू या, आणि एखाद्या गीताला वाल्मिकची ढोलकी घेतली तर कसं?

वाल्मिक म्हणजे देवळाली प्रवऱ्याचा. सणासुदीला टेम्पो भरून भजनी माणसं आणतो. टाळ, ढोलकी, सगळं. माणूस चांगला आहे, पण गाताना डोळे मिटतो आणि मग त्याला वेळेचं भान राहत नाही. बिशपांसमोर ढोलकी! आणि हे सुचवतं कोण, तर ज्यांच्या लग्नात मी ऑर्गन वाजवला ते पाळक साहेब. माणसं लवकर विसरतात.

रविवार, १३ ऑक्टोबर

विमलबाई दारात भेटल्या. बायकांच्या पहिल्या बाकावर बसतात आणि गीत सुरू व्हायच्या आधी घसा खाकरतात, त्या. कापणीच्या सणाबद्दल काही बोलायला गेलो तर म्हणाल्या, यंदा मी माझा कुकर घरीच ठेवणार आहे.

अजून मनात धरून बसल्यात. त्यात माझं काय चुकलं? सणाच्या दिवशी लोक बाजरी, भोपळे, ऊस, कोंबड्या जे काही आणतात ते वेदीपुढे ठेवतात. उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो, पुकारा वाल्मिकचा. गेल्या वर्षी यांनी जेवणासाठी आणलेला बिर्याणीचा कुकर मिनिटभर वेदीपुढे टेकवला. मी उभा राहिलो आणि सांगितलं, वेदीपुढे ठेवलं ते देवाचं, आता परत नेता येणार नाही. लिलाव झाला. स्वतःचा कुकर बाईंना बोली लावून घ्यावा लागला. नंतर कमिटीत मी तसा ठरावच पास करून घेतला. नियम माणूस बघून बदलायला लागले तर चर्चची आणि स्टँडवरच्या रसवंतीची एकच गत.

रियाज उद्यापासून. नक्की.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

घरात काहीतरी शिजतंय. मी आत आलो की माधुरी फोनवर बोलता बोलता थांबते. हल्ली महिला मंडळाच्या मीटिंगा फार. आज तर टेप घेऊन हॉलमध्ये फ्रिज आणि सोफा यांच्यामधली भिंत मोजत होती. विचारलं तर म्हणाली, सहज.

सहज कोणी भिंत मोजत नाही. मी विचार केला आणि उलगडा झाला. माझा सत्कार! बिशपांच्या हस्ते. मानपत्र काचेच्या फ्रेममध्ये असणार, ते लावायला जागा बघते आहे. फ्रेम बरीच मोठी दिसते.

मी काही ओळखलेलं नाही असंच दाखवणार.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

उत्तराचं भाषण तयार. आरशासमोर दोनदा म्हटलं. "मी काहीच केलं नाही" इथे थांबायचं, म्हणजे लोकांना "नाही, नाही" म्हणायला सवड मिळेल.

रविवार, २७ ऑक्टोबर

दुपारी चार वाजता क्वायरची प्रॅक्टिस ठेवली होती. कोणी आलं नाही. माधुरीसुद्धा नाही. म्हणाली, विमलबाईंना बरं नाही, बघून येते. मी रिकाम्या चर्चमध्ये तीन गीतं वाजवली. चांगली झाली. कोणी मागे राहिलं नाही.

परत येताना सावेडीत विमलबाईंच्या बंगल्यावरून आलो. आतून गाणं ऐकू येत होतं. बायका, पुरुष, चार आवाजात, संथ आणि फार गोड. रेडिओ असावा. दक्षिणेकडचं एखादं मोठं चर्च असेल, आपल्याकडे इतकं जमत नाही. दारात पुष्कळ चपला होत्या. आजारी माणसाला बघायला एवढी माणसं येतात हे आपल्या मंडळीचं प्रेम. एक जोडी अगदी माधुरीच्या चपलांसारखी. हल्ली सगळ्या एकाच दुकानातून घेतात.

रविवार, १० नोव्हेंबर

विमलबाई ठणठणीत. उपासनेनंतर जवळ येऊन म्हणाल्या, तुम्हालाही आता दगदग होत असेल, भाऊ. घरी निवांत वाजवत बसावंसं वाटत नाही का? कुकरनंतर प्रथमच इतक्या प्रेमानं बोलल्या. मी म्हटलं, चर्चला माझी गरज आहे तोवर हलणार नाही. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. बहुधा गहिवरल्या.

शनिवार, १६ नोव्हेंबर

एक अडचण लक्षात आली. ऑर्गन कोपऱ्यात, खांबाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. मंडळी माझ्या पाठीमागे. बिशपांना तर मी दिसणारसुद्धा नाही. सत्काराच्या वेळी लोक शोधत बसणार.

वाल्मिक सजावटीला ऊस घेऊन आला होता. त्याला आणि त्याच्या चार माणसांना सांगितलं, ऑर्गन उचला आणि मध्ये आणा. तो म्हणाला, मधी म्हंजे कुठं, वेदीम्होरं? मी म्हटलं, अगदी पुढे. तो डोकं खाजवत म्हणाला, बगा बरं साहेब, तितं उद्या कापनीचं सामान येतंय. मी म्हटलं, सामान बाजूला सारायचं, ऑर्गन हलणार नाही. त्यानं पुन्हा एकदा विचारलं. पुन्हा तेच सांगितलं. एकच गोष्ट किती वेळा सांगायची?

पाळक साहेब येऊन बघून गेले. माधुरीला फोन लावत बाहेर गेले.

भाषण पाठ. कोटाला इस्त्री. गुडघ्याला मलम.

रविवार, १७ नोव्हेंबर, संध्याकाळी

काय लिहू.

उपासना सुंदर झाली. डावीकडे भोपळे, उजवीकडे ऊस, पायाशी बांधलेला कोंबडा, मध्ये मी. बिशप आत आले तेव्हा मी असा काही सुटलो की ते दारात असतानाच गीत संपलं. पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

शेवटी लोक अंगणात जायला लागले. मी दणदणीत वाजवत होतो, डोळे मिटून. माणसं येऊन सामान उचलून नेत होती. भोपळे गेले, ऊस गेला, कोंबडा ओरडत गेला. बाहेर कोंबड्यावर चढाओढ लागलेली ऐकू येत होती. मग माझ्या कानाशीच वाल्मिकचा आवाज आला, आता ही पायपेटी.

मी डोळे न उघडता म्हटलं, ऑर्गन.

तो म्हणाला, बरं, ऑर्गन. बोला, ऑर्गनला कोन बोलतंय?

डोळे उघडले. मंडळी दारातून परत आत आली होती. बिशपसुद्धा. मी हसलो, म्हटलं, अरे, हा चर्चचाच आहे. विमलबाई उभ्या राहिल्या. घसा खाकरला. म्हणाल्या, वेदीपुढे ठेवलं ते देवाचं, ठराव भाऊंचाच आहे. बिशपांनी पाळक साहेबांना हळूच विचारलं, खरंच असा ठराव आहे? पाळक साहेबांनी बुटांकडे बघत मान हलवली. बिशपांना हसू आलं. म्हणाले, मग नियम म्हणजे नियम.

मनात म्हटलं, आता बघा, मंडळी ऑर्गन हातचा जाऊ देणार नाही, बोलीवर बोली पडेल.

कोणी बोललं नाही. कोंबड्यासाठी भांडणारे सगळे वर पंख्याकडे बघत होते. वाल्मिकनं ऑर्गनवर एक भोपळा ठेवला, म्हणाला, ह्यो बी देतो संगं. तरी नाही. मग बायकांच्या बाजूनं एक हात वर झाला. माधुरी! एक वार, दोन वार, तीन वार. झालं.

डोळ्यांत पाणी आलं. सगळे तोंड फिरवून उभे असताना बायको पुढे आली. अशी बायको मिळायला पुण्याई लागते. आता ती ऑर्गन चर्चला परत अर्पण करणार आणि त्यानंतर सत्कार होणार, म्हणून मी खिशातलं भाषण चाचपलं. तेवढ्यात त्या चौघांनी ऑर्गन उचलून वाल्मिकच्या टेम्पोत चढवला. टेम्पोत दोर तयार, गादी अंथरलेली. गादी आमच्या कॉटवरची.

आता ऑर्गन हॉलमध्ये आहे. फ्रिज आणि सोफा यांच्यामध्ये. बोटभरही इकडेतिकडे नाही. सत्कार राहूनच गेला. गडबडीत विसरले असतील.

सोमवार, १८ नोव्हेंबर

सकाळी चहाच्या वेळी माधुरीला विचारलं, ऑर्गन परत कधी पाठवायचा? ती म्हणाली, पाठवायचा नाही. मग सगळं सांगितलं. महिला मंडळानं दसऱ्यापासूनच वर्गणी जमवली होती. ऑर्गन चर्चकडून विकत घ्यायचा आणि नाताळात शाल देऊन मला घरी भेट द्यायचा, असं ठरलं होतं. तोंडावर सांगायचं कोणाला जमत नव्हतं. तुम्ही स्वतःच नेऊन वेदीपुढे ठेवलात, म्हणाली, मग सोपं झालं. लोकांना जरा सावकाश गायचं असतं हो.

मी विचारलं, कोणाकोणाला माहीत होतं? सगळ्यांना. वर्गणी कोणी दिली? सगळ्यांनी. वाल्मिकनंसुद्धा. आणि पहिली कोणी दिली?

ती म्हणाली, मीच.

चहा प्यायलो नाही. नंतर गार झालेला प्यायलो.

बुधवार, २० नोव्हेंबर

झोप नाही, भूक नाही. परक्यांनी केलं असतं तर एवढं लागलं नसतं. यहूदानं शिष्य असून प्रभू येशूला धरून दिलं खरं, पण त्यानं निदान त्यासाठी वर्गणी काढली नव्हती.

निश्चय: त्या चर्चची पायरी चढणार नाही. माधुरीशी बोलणार नाही. (भाजी छान झाली होती, तेवढं सांगितलं. ते बोलणं धरायचं नाही.)

दुपारी ऑर्गन वाजवला. दुसऱ्या गीताला खालच्या मजल्यावरचे काका वर आले. विचारून गेले, घरात काही काम काढलंय का, आणि किती दिवस चालेल?

शनिवार, २३ नोव्हेंबर

उद्या चर्चला जाणार. क्षमा केली म्हणून नाही. ऑर्गनशिवाय त्यांची काय दैना होते ते या डोळ्यांनी बघायचं आहे. सगळ्यात मागच्या बाकावर बसेन. गोंधळ झालाच तर आवाजानं सावरून घेईन. मी काही त्यांच्यासारखा नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

गेलो. मागे बसलो. खांबामागचा कोपरा रिकामा. तिथे कोणीतरी छत्र्या ठेवल्या होत्या.

पहिलं गीत. विमलबाईंनी घसा खाकरला आणि सुरुवात केली. लोक उठले, गायला लागले. चार आवाजात, संथ. विमलबाईंच्या बंगल्यातला तो रेडिओच.

मी ठरवल्याप्रमाणे मोठ्यानं गायलो, सावरून घ्यायला. पुढच्या बाकावरच्या एक-दोघांनी वळून पाहिलं. मी थांबलो नाही. शेवटच्या कडव्यात जोर लावला आणि आमेन म्हटलं.

एकट्यानंच. त्यांच्या अजून दोन ओळी राहिल्या होत्या.

माधुरी बायकांच्या बाजूला उभी होती. डोळे मिटून गात होती. एवढ्या वर्षांत मी तिला गाताना कधी पाहिलं नव्हतं, मी भिंतीकडे तोंड करून बसायचो. तिला काही घाई नव्हती. कोणालाच नव्हती. मी पुस्तक मिटलं आणि ती सगळी मंडळी मागून येईपर्यंत उभा राहिलो.