तोंडाचं काहीतरी करा

ती. आत्याच्या पायांशी,

वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, तेव्हा निम्मा नमस्कार प्रत्यक्ष आणि निम्मा मनातून केला असं समज.) तुझे गुडघे, आतोबांचा खोकला आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंशी चाललेलं तुझं भांडण, तिन्हींची प्रकृती ठीक असावी. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत; म्हणजे मी सोडून सगळे.

पत्रास कारण की, मी तोंड बदललं. दचकू नकोस. आमच्या पाणीपुरवठा खात्याच्या बँडमध्ये मी टेनर सॅक्सोफोन वाजवतो हे तुला ठाऊक आहेच (तू त्याला 'तो वाकडा नळ' म्हणतेस, आणि आमचं खातं पाहता ते बरोबरच आहे). त्या नळाचा जो भाग ओठात धरतात तो माउथपीस. बँडमध्ये त्याला सगळे नुसतं 'तोंड' म्हणतात. तोंड पुसलंस का, तोंड घरीच राहिलं, तुझं तोंड जरा बघू, अशी आमची भाषा. तर यंदा वर्धापनदिनाला एका गाण्यात मध्येच सगळे थांबतात आणि एकच वाद्य वाजतं. तो तुकडा बँडमास्तर मला देणार होते. आत्या, इतकी वर्षं मी मागच्या रांगेत बसून दुसऱ्यांच्या चालीखाली पों पों करत आलो. तो तुकडा मला हवा आहे, लाज वाटावी इतका हवा आहे. आणि मागच्या तालमीत, मी शेजारच्या क्लॅरिनेटवाल्याला (याला आम्ही चिमटा म्हणतो) एका गळक्या व्हॉल्व्हची गंमत सांगत असताना मास्तर छडी आपटून म्हणाले, "तुकडा तुमचा. पण आधी तुमच्या तोंडाचं काहीतरी करा, नाहीतर चिमटा वाजवेल."

झालं, माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझं तोंड काळ्या रबराचं. ट्रंपेटवाला म्हणाला, रबराचा आवाज मऊ, मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचत नाही, धातूचं घे. चिमटा म्हणाला, मुळीच घेऊ नकोस, कावळ्यासारखं ओरडतं. तुकड्यावर चिमट्याचा डोळा आहे, तेव्हा तो सांगेल त्याच्या उलट करायचं हे मी ठरवून टाकलं. पण दुसऱ्या दिवशी तोच आपणहून म्हणाला, घेऊनच टाक. आता उलट म्हणजे कुठलं? मी दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, तोंड किती उघडं हवं? मी आ करून दाखवला. तर तसं नाही. तोंडाचं टोक आणि त्यावर बांधलेली रीड (वेताची पातळ पट्टी) यांच्यामध्ये फट असते, तिला नंबर असतात. सहा, सात, सात स्टार. स्टार म्हणजे काय, तर सातहून जास्त पण आठहून कमी. मग साडेसात म्हणा की! तर तसं म्हणत नाहीत. पुढे विचारलं, आवाज डार्क हवा की ब्राइट? म्हटलं, डार्क द्या, मळखाऊ असतो. यावर त्याने एक तोंड उलटं करून दाखवलं. मग म्हणाला, तोंडाच्या आत उतार असतो, तो उंच तर आवाज धारदार, सखल तर आवाज गोल. फट मोठी घेतलीत तर रीड मऊ घ्यावी लागेल. आणि धातूचं तोंड अंगाने बारीक, त्याला रीड बांधायचा तुमचा जुना पट्टा बसायचा नाही. एका तोंडापायी सगळा संसार नवा करायची पाळी आली. शेवटी मी म्हटलं, सगळ्यात मोठ्याने ओरडेल ते द्या.

घरी हिला पाठमोरी उभी केली, दोन्ही तोंडं वाजवली आणि चांगलं कुठलं ते विचारलं. म्हणाली, दुसरं. उलटा क्रम लावला, तरी दुसरंच. मग धातूचंच दोनदा वाजवलं, तरीही दुसरं. कारण विचारलं तर म्हणाली, दुसरं झालं की वाजवणं संपतं.

तालमीत (ती खात्याच्या स्टोअररूममध्ये होते) मी नवं तोंड लावून असा काही फुंकला तो वाकडा नळ, की स्टोअररूममधल्या पाइपांवरची धूळ खाली आली आणि धातूवर टेकलेला दात कवटीत घुमू लागला. मास्तरांनी कानांवर हात ठेवले. हे काय म्हणून विचारलं. म्हटलं, तोंडाचं केलं काहीतरी. "अहो, वाजवायच्या तोंडाबद्दल कोण बोलत होतं? तुमच्या बोलायच्या तोंडाबद्दल म्हणालो मी! जिथे सगळे थांबतात तिथे तुमची गोष्ट सुरू होते." सगळे पोट धरधरून हसले. आणि चिमट्याला हे पहिल्या दिवसापासून कळलं होतं, आत्या! आता अट अशी की वर्धापनदिनापर्यंत बँडमध्ये मी चकार शब्द काढायचा नाही. काढला तर तुकडा चिमट्याचा. तो मेला रोज कानाशी येऊन विचारतो, मग त्या व्हॉल्व्हचं पुढे काय झालं? माझा जीव नुसता गुदमरतो. सराव म्हणून मी घरीही मौन धरलं आहे. ही म्हणते, घर एवढं मोठं आहे हे आत्ताच कळलं. सगळं साचलेलं या पत्रात उतरलं, ते गोड मानून घे. आतोबांना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक (आणि तूर्त मुका)
भाचा

ता. क. धातूचं तोंड परत करायला गेलो होतो. तोंडाला लागलेली वस्तू दुकानदार परत घेत नाही. काल मास्तर म्हणाले, आता आवाज छान येतो. कोणत्या तोंडाबद्दल म्हणाले ते कळलं नाही, आणि विचारायचं तर बोलावं लागेल.

ता. ता. क. खरं काम राहिलंच. वर्धापनदिनाला तू ये आणि पहिल्या रांगेत माझ्या बरोबर समोर बस. तुझ्यापुढे आजवर मला एक वाक्य पुरं करता आलेलं नाही. तू नुसती दिसलीस तरी माझं तोंड मिटतं. मास्तरांच्या छडीत ती ताकद नाही. शिवाय, माझं काहीतरी एकदा तरी तू शेवटपर्यंत ऐकावंस असं मला फार वाटतं. येणार असशील तर पत्राने कळव. फोन करू नकोस, मौन मोडेल. किंवा असं कर, खुशाल फोन कर. तुझ्या फोनवर मला कुठे बोलावं लागतं?