प्लग काढू नये

रविवार, ९ मार्च
दुपार

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, पण त्याला तब्येत वगैरे कारण नाही. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. हिचा गुडघा कुरकुरतो, पण तो कुरकुरला नाही तर आम्हालाच चुकल्यासारखं वाटेल. वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत. त्यांना खुर्च्या उचलणं माहीत नाही, ओढणं माहीत आहे. बाकी बातमी म्हणावी असं काही नाही.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पुढच्या महिन्यात तुझ्या लग्नाची नोंदणी आहे, तेव्हा तुझ्या बाजूने साक्षीदार म्हणून मी सही करीन का, ही एक. आणि तुझं ते पट्ट्यांचं छोटं सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, आमच्याकडे राहिलंय, ते पाठवता येईल का, ही दुसरी. सोपं आधी, म्हणून यंत्रापासून सुरुवात करतो.

यंत्र सुखरूप आहे. तुमच्या खोलीतच, खिडकीखालच्या टेबलावर. तू आणि आमचे चिरंजीव वेगळे झालात आणि तू सामान न्यायला आलीस, तेव्हा तूच सांगितलं होतंस की त्याच्या आतली बॅटरी मेली आहे. प्लग काढला की त्यात साठवलेलं सगळं पुसलं जातं. म्हणूनच ते मागे राहिलं. मी त्याच दिवशी प्लगच्या वर भिंतीवर चिठ्ठी चिकटवली, ‘प्लग काढू नये’. अक्षर मोठं काढलंय, हिला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून.

तुम्हा दोघांची ती सोळा घरांची धून दीड वर्ष अखंड चालू आहे. तू मला शिकवलं होतंस ते आठवतं. एकेका घरात एकेक सूर ठेवायचा, मग दिवा पहिल्या घरापासून सोळाव्यापर्यंत पळतो आणि परत पहिल्यावर येतो. तुम्ही एक घर तुझं, एक त्याचं असं वाटून घेतलं होतं आणि त्यावरून भांडत होतात. तेराव्या घरात तू हट्टाने काहीच ठेवलं नाहीस. तिथे धून जरा थबकते आणि मग पुढे जाते. रोज सकाळी चहा घेऊन मी तिथे बसतो, आवाज थोडा वाढवतो, आणि ते थबकणं अजून तसंच आहे. ही म्हणते, एवढा वेळ माझ्याजवळ बसला असता तर माझा गुडघा बरा झाला असता.

माझ्या कानाची तुला कल्पना आहे. आयुष्यभर शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. गिऱ्हाइकाच्या दारातूनच आवाज ऐकून सांगायचो, सुई वाकडी आहे की पट्टा सैल आहे. तेव्हा धून शाबूत आहे हे माझ्यावर सोड.

पाठवायचं म्हणजे प्लग काढायचा, आणि प्लग काढला की धून गेली. म्हणून मी असं ठरवलंय की आधी सोळाही घरांतले सूर कागदावर उतरवून घ्यायचे आणि मगच पार्सल करायचं. याला थोडे दिवस लागतील. घाई नसावी.

सहीचं म्हणशील तर, तुझे वडील आज असते तर ते राहिले असते उभे, हे मला कळतं. पण माझ्या ओळखपत्रावरचा फोटो फार जुना आहे, तो तिथे चालतो की नाही ते बघावं लागेल. शिवाय प्रवास आहे. आमच्या चिरंजीवांच्या कानावरही अजून घातलेलं नाही. ज्यांच्याशी तुझं ठरलंय ते चष्म्याच्या दुकानाचे मालक स्वभावाने बरे आहेत असं तू लिहिलंयस, ते वाचून

बुधवार

वरचं वाक्य अर्धवटच राहू दे. पूर्ण करायला गेलो तर खोटं लिहीन. ते पान फाडणारही होतो, पण म्हटलं, माणसाने आपला शहाणपणा एकदा कागदावर दिसू द्यावा.

सोमवारी सकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तू दाखवलं होतंस तसं एकेक घर उघडून बघायला लागलो. पहिलं घर रिकामं. म्हटलं, माझंच काही चुकत असेल. दुसरं रिकामं. असं करत सोळाव्यापर्यंत गेलो, सगळी घरं रिकामी. आणि धून आपली चालूच आहे. भाडेकरू एकही नाही आणि घरातून गाणं येतंय, अशातली गत.

वाद्यांच्या दुकानदाराला फोन लावला आणि फोन यंत्राजवळ धरला. तो थोडा वेळ ऐकून म्हणाला, “काका, ही साठवलेली धून नाहीच. हा आर्पेजिओ आहे. कुणीतरी चार पट्ट्या एकदम दाबून होल्डचं बटण लावलंय. यंत्र त्याच चार सुरांना एकामागून एक वर-खाली फिरवत बसलंय.”

“अहो, घरात वाजवणारं कुणी नाही.”

“वाजवावं लागत नाही काका. नुसतं दाबून सोडायचं.”

ही तिथेच इस्त्रीचे कपडे वेगळे काढत होती. फोन ठेवला तेव्हा तिच्या हातात माझाच सदरा होता आणि ती त्याची एकच बाही पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

“प्लग मी काढते,” ती म्हणाली.

“काढतेस म्हणजे?”

“इस्त्रीला. तिचा जाड पिनांचा प्लग त्या एकाच ठिकाणी बसतो, बाकी सगळी भोकं बारीक.”

“आणि चिठ्ठी?”

“वाचली होती. पण सूनबाई गेल्यावर पहिल्याच आठवड्यात एकदा घाईत होते, म्हटलं, एवढ्याशा वेळात काय होतंय. परत लावला तर ते मुकं. तुम्ही बाजारातून यायच्या बेतात. तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. ती पट्ट्या धरून कुठलं बटण दाबायची ते मी येता-जाता पाहिलं होतं. मग दाबल्या चार. लागलं वाजायला.”

“मग मी काय म्हणालो?”

“काय म्हणणार? आलात, बसलात, डोळे मिटलेत, आणि म्हणालात, बघ, अजून अगदी तसंच आहे.”

तेव्हापासून दर इस्त्रीला, आणि वीज जाऊन आली की तेव्हाही, त्याच चार पट्ट्या. विसरू नये म्हणून तिने त्यांच्यावर शिवणाच्या खडूने ठिपके केलेत. ते मी रोज बघत होतो आणि मला वाटायचं, ते तुझे. एकदा घाईत चारऐवजी पाच दाबल्या गेल्या होत्या म्हणे, तरी मी चहा पिऊन समाधानाने उठलो. तेराव्या घरातलं ते थबकणं वगैरे वर लिहिलंय. चार सुरांच्या फेऱ्यात थबकायला जागाच नसते. ते मी माझ्या पदरचं घालत होतो.

मला राग आला. माझ्याच घरात दीड वर्ष मला मामा बनवलं. “तेव्हाच का नाही सांगितलंस?” असं जरा चढ्या आवाजात विचारलं.

ती म्हणाली, “ते वाजतंय तोवर ती दोघं परत येतील असं तुम्हाला वाटत होतं. मला केव्हाच कळलं होतं नाही येणार म्हणून. पण तुमच्या हातातला चहाचा कप बघून बोलवेना. आणि ती काय फक्त तुमचीच सून होती?” एवढं बोलून ती सदऱ्याकडे वळली. यंत्र आपलं चालू होतं.

तर सूनबाई, ही म्हणाली ते खरं आहे. यंत्र पाठवायला अडचण काही नव्हती. ते इथे चालू आहे तोवर तुमचा संसार मोडलेला नाही, नुसता थांबलाय, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही तेही त्यामुळेच. ओळखपत्रावरचा फोटो चांगला स्पष्ट आहे.

काल चिरंजीवांना फोन केला. तुझ्या लग्नाचं सांगितलं, तू मला बोलावलंयस तेही सांगितलं. तो जरा थांबून म्हणाला, “जा तुम्ही बाबा. माझ्याकडूनही तिला चांगलं सांगा.” मग मी धून पुसली गेल्याचं सांगितलं. तो म्हणाला, “कुठली धून?” पूर्वी असतं तर त्याच्या थांबण्यातून मी दहा अर्थ काढले असते. आता फक्त त्याला जेवणाचं विचारलं आणि फोन ठेवला.

आज सकाळी प्लग काढला. ही म्हणाली, राहू द्या, माझ्या हातची सवय आहे. पण मीच काढला. खोलीत फार शांत वाटलं, हे लपवत नाही. मला वाटलं होतं त्याहून जास्त वाईट वाटलं, आणि दुपारी झोपही त्याहून चांगली लागली.

यंत्र पार्सलने पाठवत नाही, स्वतः घेऊन येतो. तिकिटं काढली. नोंदणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पोचू. हिला जिना चढवत नाही, तेव्हा खालच्या मजल्यावर कुठेतरी सोय कर. तुझ्या बाजूने दोन साक्षीदार लागत असतील तर दुसरी सही ही करणार आहे. एकच लागत असेल तर आमचं आपसात भांडण होईल, ते आम्ही बघून घेऊ. चष्मेवाल्यांना सांग, म्हातारा पहिल्या भेटीत फार बोलणार नाही, त्याचा त्यांनी राग मानू नये. दुसऱ्या भेटीपासून बोलायला लागला की थांबत नाही.

वेगळं होताना तुम्ही आम्हाला काही विचारलं नाहीत. तो तुमचा प्रश्न होता, विचारायला हवं होतं असंही नाही. पण या वेळी तू विचारलंस. माझ्या सहीनंतर तू दुसऱ्याच्या घरची होशील हे ठाऊक असूनही विचारलंस, आणि मीच उभा राहावं असं तुला वाटलं. सही करताना माझा हात थांबला तर घाई करू नकोस. मी करणार आहे.

तुझा साक्षीदार,
बाबा