मोहगुड्याची पाहणी

आदिलाबाद,
मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १८५८

ती. अक्काच्या पायांवर डोकं ठेवून नरसिंगचा नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्ही सगळे तिकडे बरे असाल असं धरून चालतो. तुझं पत्र कापसाच्या गाडीवाल्यानं परवा आणून दिलं. चंपतराव भाऊजींना नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद.

इकडची खबर म्हणशील तर गाव ओळखू येत नाही. कापूस दाबायचा दुसरा कारखाना उभा राहतो आहे. पैनगंगेपलीकडून गाड्या अजून येतच आहेत. तहसिलीसमोरच्या चिंचेखाली आपली वऱ्हाडातली माणसं पट्ट्याच्या आशेनं चुली मांडून बसतात. मी बाहेर पडलो की उठून विचारतात, "साहेब, कोठं खाली जमीन हाये काय?" मी सांगतो. ते माझं कामच आहे. माझी उर्दू आता इतकी सुधारली आहे की मुनशी माझा मसुदा न वाचताच पुढे पाठवतात. पद्मजा म्हणते, तुम्ही घरात बोलेनासे झालात. झालो असेन.

तू दोन गोष्टी विचारल्यास. तुझ्या जमिनीवर कुणी अर्जी केली आहे ती खरी का, आणि पट्टा पक्का आहे ना. दुसरी, तो म्हातारा सालदार जंगू कुठला. विहीर कुठे खणायची ते त्यानं काठीनं दाखवलं आणि बारा हातांवर पाणी लागलं, कुठल्या पट्टीत पाणी साचतं ते त्याला पेरणीआधीच ठाऊक होतं, असा माणूस नशिबानंच मिळतो, असं तू लिहिलंस. गाव विचारलं की 'इथलाच' म्हणतो आणि कामाला लागतो.

अर्जी खरी होती. काल ती खारीज झाली. पट्टा पक्का आहे.

जंगू मोहगुड्याचा पटेल आहे. तुझा गोठा जिथे आहे तिथे त्याचं घर होतं.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात मला त्या बाजूच्या गावांची पाहणी सांगितली होती. कुठे वस्ती आहे, कुठे नाही, एवढं लिहून आणायचं. सरकारला पडीत जमीन कापसाखाली आणायची घाई होती. मोहगुड्यात पोचलो तर रस्त्यावर काटे टाकलेले, दारं बांधलेली, माणूस नाही, कोंबडंसुद्धा नाही. गावात पटकीनं माणसं मेली होती. अशा वेळी गोंड लोक मातेला गाव मोकळं करून देतात. बाहेर झोपड्या घालून राहतात, आणि मातेचा फेरा पुरा होईतो कुणी आत पाऊल टाकत नाही, चूल पेटवत नाही. हे मला माहीत होतं. इथे नोकरी करणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

ओढ्यापलीकडे झोपड्या दिसत होत्या. धूर होता. पण ओढ्यापलीकडे दुसऱ्या गावाची शीव लागते, आणि मोहगुड्याच्या शिवेत मला कुणी दिसलं नाही. मी 'बेचिराख' लिहिलं. वस्ती नसलेल्या गावाला आमच्या दफ्तरात तेच लिहितात.

तू आलीस तेव्हा म्हणाली होतीस, "नरसिंग, चुलीतली राख ताजीच दिसते, काऊन रे?" मी म्हटलं, गुराखी थांबले असतील. तू पुढे काही विचारलं नाहीस. घरांची लाकडं चांगली होती, ती भाऊजींनी गोठ्याला लावली. फेरा पुरा करून ती माणसं परत आली तेव्हा तुमच्या गाड्या सोडलेल्या होत्या. महिनाभर ती ओढ्याच्या काठावर येऊन उभी राहायची. मग एकेक करून कामाला लागली, कुणी तुझ्याकडे, कुणी सडकेवर.

पटकीची भीती वाटली म्हणून ओढा ओलांडला नाही, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलो. थोडी वाटलीही होती. पण तुझी चिठ्ठी खिशात होती. चौघा भावांत वाटणी होऊन भाऊजींच्या वाट्याला दीड एकर आलं होतं, आणि तू लिहिलं होतंस की आता तुझ्याशिवाय कुणी नाही.

अक्का, पलीकडच्या काठावरून एक माणूस ओरडला होता. "साहेब, आमी इकडं हाओ! मातेचा फेरा सरला का घरी येतो! लिहून घ्या आमाले!" तो जंगू होता. मी हात वर केला आणि घोड्यावर बसलो.

अर्जीत त्यानं तेवढंच लिहवून घेतलं आहे. साहेबानं हात वर केला होता, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. खाली अठरा अंगठे. काल तहसीलदारांनी ती मला वाचून दाखवली आणि विचारलं, तुम्हाला कुणी हाक मारली होती का? मी म्हटलं, नाही. त्यांनी दौत पुढे ओढली. जंगू दाराशी उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पागोटं नीट केलं. उद्या तुझ्याकडे कापूस वेचणी आहे म्हणून तो लगेच निघाला.

घरी येऊन मी जेवलो. जेवण गेलं. झोपही लागली. मला काहीच वाटत नाही, आणि त्याचीच भीती वाटते.

आता काय करायचं ते मला विचारू नकोस. पुन्हा कुणी विचारलं तरी मी 'नाही'च म्हणेन, जिभेला आता तेवढंच वळण पडलं आहे. हे पत्र मात्र माझ्या हातचं आहे. तहसिलीत पोचलं तर माझी नोकरी जाईल, तुझं शेत जाईल आणि मोहगुडा पुन्हा नकाशावर येईल. चुलीत घालायचं तर घाल, मी कधी शब्द काढणार नाही. जंगूला द्यायचं तर दे. पण त्याला वाचता येत नाही. तुलाच समोर बसवून वाचून दाखवावं लागेल.

तुझ्या पट्ट्यावर सही असलेला तुझा भाऊ,
नरसिंग