वॉचमन झोपायला तयार नाही

३ फेब्रुवारी
शाहूपुरीतल्या सीट कव्हरच्या दुकानात आज माझा शेवटचा दिवस. थोरला भाऊ काशिफ म्हणाला, "एक पिक्चर काढ. पडला की गप गल्ल्यावर येऊन बस." गल्ल्यावर? मी? इंग्रजीत गाजलेल्या दरोड्याच्या पिक्चरचा रिमेक करतोय. हॉलिवूडनं सांभाळून राहावं.

११ फेब्रुवारी
तिकडं बँकेची तिजोरी होती. आपल्याकडं कसबा बावड्यातलं मंगल कार्यालय, आहेराची खोली. कार्यालयाच्या मालकाची अट एकच, तिथले वॉचमन केरबामामा यांनाच वॉचमनचा रोल. दिला. रिअ‍ॅलिझम!

१२ फेब्रुवारी
सीन सोपा. वॉचमन झोपतो, चोर आत शिरतात. मामा झोपेनात. म्हणाले, "ड्युटीवर झोपलेला भावकीनं बघितला तर तोंड कुठं दाखवू? जमायचं न्हाय." मीही हट्टी. शेवटी वॉचमन जागा ठेवला. टेन्शन वाढतं. मूळ दिग्दर्शकाला सुचलंच नव्हतं.

१४ फेब्रुवारी
जागा वॉचमन चोर बघणारच. मामांनी आमचा हीरो यशराज याला असा आवळला की तो ओरडला, "मामा, शूटिंग हाय की!" अभिनय अस्सल. ठेवला.

२ मार्च
एडिटिंग. चोर विसाव्या मिनिटालाच सापडतात. पुढची चाळीस मिनिटं पश्चात्ताप. बायको सबिना म्हणाली, चोर सापडले की पिक्चर संपला. तिला स्ट्रक्चर कळत नाही.

९ मार्च
प्रीमियर, त्याच कार्यालयात. हाऊसफुल्ल! मामांची भावकी गडमुडशिंगीहून टेम्पो भरून आलेली. पडद्यावर मामांनी यशराजला धरलं आणि शिट्ट्यांनी पत्रा हादरला. पब्लिक उठलं, मामांना खांद्यावर घेतलं आणि चहाला गेलं. परत आलं नाही. हॉलमध्ये मी आणि सबिना. ती म्हणाली, "चला आता." म्हटलं थांब, पश्चात्ताप बाकी आहे.
 

१० मार्च
काशिफला ठणकावलं. पिक्चर पडलेला नाही. प्रेक्षकांचं समाधान वेळेआधी झालं.

१२ मार्च
दुकानात बसलोय. पुढच्या पिक्चरसाठी माणसांचा अभ्यास करायला, बाकी काही नाही. एक टेम्पोवाला आला. निरखून बघत म्हणाला, "पावणं, तो चोरांचा पिक्चर तुम्हीच काढलाय न्हवं?" मान ताठ केली, सहीसाठी पेन काढलं. तो म्हणाला, "मग केरबामामांचा नंबर द्या की. जिमच्या उद्घाटनाला बोलवायचं हाय."
कागदावर नंबर लिहिला. खाली मोठ्या अक्षरात 'दिग्दर्शक : मुजम्मिल'. त्यानं नंबराएवढाच कागद फाडून नेला. उरलेल्यावर काशिफनं त्याच्या टेम्पोच्या सीटचं माप लिहिलं.